रंग बदलणाऱ्या काचेचा वर्णपट

काचेवर टंगस्टन ऑक्साइडचा काहीशे नॅनोमीटर जाडीचा थर चढवला, तरी ती जवळजवळ पारदर्शकच राहते. मात्र एक-दोन व्होल्टचा विद्युतदाब देऊन त्या थरात इलेक्ट्रॉन आणि त्यांच्या जोडीने हायड्रोजन किंवा लिथियमचे आयन घातले, की तो गडद निळा होतो. विद्युतदाबाची दिशा उलटवताच रंग नाहीसा होतो. या गुणधर्मास विद्युतवर्णता म्हणतात. त्यावर आधारित उपकरणाची कल्पना सत्येन देब यांनी १९६९ साली अमेरिकेत मांडली.

रंग डोळ्यांना दिसतो. त्याचे कारण वर्णपट सांगतो. थरातून प्रकाश पाठवून कोणत्या तरंगलांबीचा किती प्रकाश पलीकडे पोहोचतो, हे वर्णपटमापक मोजतो. रंगहीन थर प्रामुख्याने अतिनील किरण शोषतो. इलेक्ट्रॉन आत आल्यावर टंगस्टनच्या काही अणूंची संयुजा सहावरून पाचवर येते. हे इलेक्ट्रॉन प्रकाश शोषून शेजारच्या अणूवर उडी घेतात. त्यासाठी तांबड्या आणि अवरक्त प्रकाशाची ऊर्जा पुरते. म्हणून तो प्रकाश अडतो आणि निळा पार होतो. स्फटिकरूप नसलेल्या थरात हे शोषण सुमारे ९०० नॅनोमीटरजवळ, म्हणजे दृष्टीच्या टप्प्याबाहेर, सर्वाधिक असते. सूर्याची जवळपास निम्मी ऊर्जा अवरक्त किरणांतून येत असल्याने सारख्याच निळ्या दिसणाऱ्या दोन काचा उष्णता मात्र वेगवेगळ्या प्रमाणात अडवू शकतात.

संयुजेतील बदलाचा पुरावा क्ष-किरणांच्या माऱ्याने बाहेर पडणाऱ्या इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जेवरून मिळतो. थराची अंतर्गत रचना रामन वर्णपट दाखवतो. स्फटिकरूप थरात ठळक रेषा उमटतात, तर अस्फटिक थरात पसरट पट्टे. ही रचना थर बनवण्याच्या पद्धतीवर अवलंबून असते. तापलेल्या काचेवर द्रावणाचे तुषार उडवून असे थर बनवण्याचे संशोधन कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठातही झाले आहे.

खरी कसोटी टिकाऊपणाची. इमारतीच्या खिडकीने हजारो वेळा रंग बदलून पुन्हा पारदर्शक व्हायला हवे; पण कालांतराने काही आयन थरातच अडकतात आणि रंग बदलण्याची क्षमता घटते. स्वीडनमधील उप्साला विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ साली दाखवले, की विशिष्ट प्रकारे विद्युतप्रवाह देऊन हे आयन बाहेर काढता येतात आणि थर पूर्ववत होतो. तो खरोखर पूर्ववत झाला का, हे ठरवण्यासाठी डोळ्यांची साक्ष अपुरी पडते. पारगमनाचे मोजमापच करावे लागते.