वॉटसनची इमारत व तिचे भाडेकरू

ऐतिहासिक साधनें म्हणजे केवळ सनदा, शकावल्या व दफ्तरें, अशी समजूत अद्यापि आढळते. परंतु एखाद्या जुन्या इमारतींत कोण कोण राहिले व तेथें कोणते धंदे चालले, याचा शोध घेतला असतां शहराच्या स्थित्यंतरांचा क्रम हातीं लागतो. मुंबईंत काळ्या घोड्याजवळ कोपऱ्यावर असलेली एस्प्लनेड मॅन्शन ही अशीच इमारत होय. तिजविषयीं निश्चित सांगतां येण्याजोगी माहिती येथें संक्षेपानें देत आहों.

सर बार्टल फ्रिअर गव्हर्नर असतां मुंबईच्या किल्ल्याचा तट पाडण्यांत आला व एस्प्लनेडची जागा विक्रीस निघाली. जॉन वॉटसन या कापडाच्या व्यापाऱ्यानें १८६४ सालीं त्यांतील एक तुकडा घेतला. त्याचा मूळ हेतु दुकान थाटण्याचा होता. पुढें त्यास हॉटेलची जोड मिळाली. बांधकाम १८६७ ते १८६९ या काळांत झालें. योजना रोलंड मेसन ऑर्डिश या इंग्रज इंजिनिअराची. बिडाचे खांब व लोखंडी तुळया विलायतेंत तयार करून जहाजांतून आणल्या व येथें जोडल्या. इमारतीचा भार भिंतींनीं नव्हे, तर या सांगाड्यानें पेलला, हाच तिचा विशेष.

हॉटेल १८७१ सालीं सुरू झालें. खालीं दुकानें व वर पाहुण्यांच्या खोल्या, अशी व्यवस्था होती. १८९६ च्या जानेवारींत अमेरिकन ग्रंथकार मार्क ट्वेन येथें उतरला. त्याच वर्षीं ७ जुलै रोजीं ल्युमिएर बंधूंचीं चलच्चित्रें येथेंच दाखविण्यांत आलीं. तिकीट एक रुपया होतें. भारतांतील चित्रपटाचा इतिहास या दिवसापासून मोजितात. जमशेटजी टाटांस येथें प्रवेश नाकारल्यामुळें त्यांनीं ताजमहाल हॉटेल बांधिलें, ही कथा मात्र समकालीन कागदाच्या आधारावांचून सांगितली जाते; तींस आम्ही दंतकथाच समजतों. ताज १९०३ सालीं उघडलें, एवढें खरें.

पुढें हॉटेल बंद पडलें व खोल्यांचीं लहान लहान बिऱ्हाडें व कचेऱ्या झाल्या. न्यायालय जवळ असल्यानें वकिलांनीं येथें बस्तान बसविलें. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यानें भाडें १ सप्टेंबर १९४० च्या दराशीं बांधून ठेविलें. त्यामुळें भाडेकरू टिकले व इमारत पाडणें कठीण झालें. परंतु तुटपुंज्या भाड्यांतून दुरुस्तीचा खर्च निघेना. ज्या कायद्यानें ती राखिली त्यानेंच ती झिजविली, असें म्हणणें प्राप्त आहे. २००५ सालीं सज्ज्याचा कांहीं भाग कोसळला. त्याच सालीं जागतिक स्मारक निधीनें २००६ च्या धोक्यांतील वास्तूंच्या यादींत तिचा समावेश केला. २०१९ सालीं रहिवासी व कचेऱ्या बाहेर काढण्यांत आल्या.

इमारत रिकामी झाली म्हणजे भाडेकरूंच्या पावत्या, पाट्या, करारनामे व हिशेबाच्या वह्या रद्दींत जातात. बिडाचा खांब पुनः ओततां येईल. हरवलेली भाडेपावती पुनः लिहितां येत नाहीं. आमच्या संग्राहक वाचकांनीं असे कागद क्षुद्र न मानतां, ते जेथें आढळतील तेथून मिळवून जतन करावेत. या वास्तूच्या अर्वाचीन शतकाचा इतिहास त्यांतच आहे.