मताचे मोल : रोम ते दिल्ली

प्राचीन रोममध्ये नागरिकांना मताधिकार होता. मतांचे मोल मात्र समान नव्हते. कॉन्सल निवडणाऱ्या सभेत संपत्तीनुसार पाडलेले १९३ गट असत आणि प्रत्येक गटाला एक मत. अश्वारोहींचे १८ आणि सर्वांत श्रीमंत वर्गाचे ८० गट एकत्र आले की निर्णय लागे. असंख्य निर्धनांच्या वाट्याला एकच गट येई. प्लेबियन म्हणजे सामान्यजन. दीर्घ संघर्षानंतर, इ.स.पू. ३६७ मध्ये, त्यांना कॉन्सलपद खुले झाले.

याच संघर्षाचा दाखला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३६ मध्ये ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ या ग्रंथात दिला. पद मिळूनही धर्मश्रद्धेच्या पगड्यामुळे प्लेबियनांचा खरा कैवारी त्यावर बसू शकला नाही, असे त्यांचे प्रतिपादन होते.

पुढे २५ नोव्हेंबर १९४९ रोजी दिल्लीत, संविधान सभेत, त्यांनी बजावले की राजकारणात समता आणि समाजजीवनात विषमता ही विसंगती फार काळ टिकली, तर लोकशाहीच धोक्यात येईल.

संविधानाने प्रत्येक प्रौढाच्या मताला समान मूल्य दिले. माणसाला समान मूल्य देण्याचे कार्य मात्र कायद्याने पुरे होत नाही. अधिकाऱ्याचे आणि शिपायाचे मूल जेथे एका बाकावर बसते, त्या शाळेत त्याचा आरंभ होतो.