धुराला वय कोणी लावलं?

सुरुवात माझ्या चोंदलेल्या नाकापासून झाली. वैद्यांनी रोज सकाळी नाकात तेलाचे दोन थेंब घालायला सांगितले आणि मी थेंब घालायचे सोडून नस्याबद्दल वाचत बसलो. हा माझा जुना रोग. घरात निर्णयसागरची ‘अष्टांगहृदया’ची प्रत आहे, हरिशास्त्री पराडकरांनी संपादलेली. वर वाग्भटाचा श्लोक, खाली अरुणदत्ताची आणि हेमाद्रीची टीका. (हेमाद्री म्हणजे आपला हेमाडपंतच. देवगिरीच्या यादवांचा कारभार सांभाळून हा माणूस वैद्यकावर टीका लिहीत होता आणि मला दोन थेंब घालायला सवड होत नाही.)

सूत्रस्थानाच्या विसाव्या अध्यायात वाग्भट वयांची एक यादी देतो. सात वर्षांच्या आतल्याला आणि ऐंशीच्या पुढच्याला नस्य देऊ नये. पाचाच्या आत औषधी गुळण्या नकोत. दहाच्या आत आणि सत्तरीनंतर वमन-विरेचन नको. या रांगेत मधेच एक वाक्य आहे: अठरा पुरी न झालेल्याला धूर नको.

मी चष्मा पुसून पुन्हा वाचलं. अठराच. आमच्या कोपऱ्यावरच्या पानटपरीला लटकलेल्या, निम्मा रंग उडालेल्या पाटीवरही हाच आकडा आहे. अमेरिकेत, ब्रिटनमध्ये आणि आपल्या संसदेत पोरांच्या ई-सिगारेटवरून गेली काही वर्षं जी हमरीतुमरी चालली आहे, तिचाही गाभा हाच: धुराच्या दारात वयाची रेघ कुठे मारायची? आणि ती मारून ठेवली आहे साधारण सातव्या शतकातल्या एका वैद्यानं!

आधी उत्साहाला आवर घालतो. पाटीवरचा अठरा वाग्भटाकडून आलेला नाही. तो आला २००३ च्या तंबाखू-नियंत्रणाच्या कायद्यातून, आणि त्या कायद्याच्या पाठीशी १८७५ पासूनचा सज्ञानतेचा कायदा आहे. इंग्रजांनी स्वतःच्या देशात १९०८ मध्ये पोरांना सिगारेट विकायला मनाई केली तेव्हा रेघ सोळावर मारली होती. अमेरिकेनं डिसेंबर २०१९ मध्ये ती अठरावरून एकवीसवर नेली. म्हणजे हे आकडे कोर्टकचेऱ्यांतले आहेत, त्यांचा आयुर्वेदाशी काडीचा संबंध नाही. ‘आमच्याकडे सगळं आधीच होतं’ म्हणणाऱ्यांनी इथेच उठून गेलं तरी चालेल.

मला छळतो तो दुसराच प्रश्न. वाग्भटानं अठरा का म्हटलं? कारण त्याच्या स्वतःच्या हिशोबात बालपण सोळाला संपतं. शारीरस्थानात तो तसं स्वच्छ सांगतो: सोळापर्यंत बाल, मग सत्तरीपर्यंत मध्यम वय, पुढे म्हातारपण. वमन-विरेचनाची वरची मर्यादा सत्तर, ती या हिशोबाला धरून आहे. मग धुराच्या बाबतीत दोन वर्षं जास्तीची कशाला?

एक सोपं उत्तर म्हणजे वृत्ताची सोय. हे उत्तर टिकत नाही. अनुष्टुभाच्या त्या चरणात अष्टादशच्या जागी षोडश घालून पाहा, अक्षरं आठची आठच राहतात आणि लघुगुरूही बिघडत नाहीत. कवीला सोळा हवा असता तर तो हाताशी होता.

दुसरं उत्तर मला एका वैद्य मित्रानं दिलं. धूर उष्ण-तीक्ष्ण, पोराच्या नाजूक देहाला सोसत नाही. ऐकायला बरं वाटतं, पण शास्त्राच्याच पायावर धोंडा पडतो. धूमपान सांगितलं आहे मानेच्या वरच्या कफवाताच्या विकारांवर आणि बालपण तर कफाचंच वय. तत्त्वानं पाहिलं तर धूर पोरांनाच आधी द्यायला हवा होता! मित्रानं विषय बदलला.

आता तो धूर होता कसा, ते जवळून पाहायला हवं. बोरूसारखी बारा अंगुळांची काडी रात्रंदिवस पाण्यात भिजवायची. तिच्यावर औषधांच्या वाटणाचे पाच लेप द्यायचे, अंगठ्याएवढी जाड होईपर्यंत, मधे फुगीर आणि दोन्ही टोकांना निमुळती, जवाच्या दाण्यासारखी. सावलीत वाळवायची. मग आतली काडी ओढून काढायची, पोकळ राहिलेल्या वातीला तूप चोपडायचं, नळीच्या तोंडात बसवायची आणि पेटवायची. ओढायचं नाकानं किंवा तोंडानं, पण सोडायचं तोंडानंच. नाकावाटे सोडलं तर डोळे जातात, असा दम दिलेला आहे. तंबाखूचा पत्ताच नाही, तो तर अमेरिकेतून पोर्तुगीजांबरोबर आला.

नळीची लांबी बघा. तीक्ष्ण धुराला चोवीस अंगुळं, स्निग्ध धुराला बत्तीस आणि रोजच्या सौम्य धुराला चाळीस, तीही ओढणाऱ्याच्याच बोटांनी मोजलेली. माझ्या बोटांनी ती अडीच फुटांच्या घरात जाते. हे कशासाठी, ते चरक सांगून गेला आहे: लांबून आलेला, नळीच्या पेरांत अडखळून बारीक झालेला धूर इंद्रियांना बाधत नाही. आणि वाग्भटाच्या सौम्य धुरात खडीसाखर आणि ज्येष्ठमधही पडतं. अमेरिकन सिगारेटवाल्यांनी विसाव्या शतकात घसा खवखवू नये म्हणून तंबाखूत साखर आणि ज्येष्ठमध घातलं. ही नक्कल नाही. एकाच घशाला दोघांनी एकच लाच दिली.

इथे माझा सिद्धान्त सुरू होतो. साधा धूर स्वतःच्या दाराशी स्वतःच राखणदार असतो. पहिल्या झुरक्याला ठसका लागतो, डोळ्यांत पाणी येतं, पोर पळतं. धूर मऊ केला की हा राखणदार उठून जातो आणि त्याच्या खुर्चीत आकडा बसवावा लागतो. धूमपानाचा अध्याय वाग्भट ज्या श्लोकानं उघडतो, त्यात धूर कोणी प्यावा, तर ‘आत्मवान’ माणसानं, असा शब्द आहे. ज्याचा स्वतःवर ताबा आहे, त्यानं. टीकाकार काही म्हणोत, माझा अर्थ असा: सोळाला देह तयार होतो, ‘पुरे’ म्हणायची ताकद यायला आणखी दोन वर्षं लागतात. ती दोन वर्षं त्या अठरात आहेत.

सिद्धान्ताला मोठं भगदाड आहे ते हुक्क्याचं. धूर पाण्यातून गुडगुडवून गार केला, म्हणून तर मराठीत ती गुडगुडी. इतका मऊ धूर, पण त्याला वयाची रेघ कोणी मारली नाही. तंबाखूही मोगल दरबारात आपल्याच बाजूनं गेला. अकबराचा वकील असद बेग विजापूरहून परतताना तो घेऊन गेला, १६०४-०५ च्या सुमारास, आणि रत्नजडित नळीसह अकबरापुढे ठेवला. तिथला वाद आजच्या कुठल्याही टीव्ही चर्चेत बसवा. हकीम म्हणतो, आमच्या ग्रंथांत याचा उल्लेख नाही, हे नवं खूळ आहे. असद बेग म्हणतो, फिरंगी काय मूर्ख आहेत? आणि जगातली प्रत्येक रूढी कधीतरी नवीच होती की. अकबरानं दोनतीन झुरके घेतले आणि सोडून दिलं. सरदारांनी सोडलं नाही. जहांगीरानं १६१७ मध्ये मनाई काढली, ती सरसकट सगळ्यांना.

हुक्का शोधला हकीम अबुल फत्ह गिलानीनं, धूर शुद्ध करायला, असं जिथे-तिथे छापतात. हा हकीम १५८९ मध्ये वारला. दरबारात तंबाखू यायच्या पंधरा वर्षं आधी! इराणवाले तर शिराझच्या अहलीची एक रुबाई पुढे करतात. तो १५३५ मध्ये गेला आणि कलियानचा, म्हणजे इराणी हुक्क्याचा, उल्लेख तिच्यात आहे म्हणतात. माझा कल इराणकडे आहे. हकिमाचं नाव चिकटलं, कारण धूर मऊ करणाऱ्या प्रत्येक यंत्राला एक वैद्य लागतो. ई-सिगारेटचंच पाहा. पेनसिल्व्हानियाच्या हर्बर्ट गिल्बर्टनं १९६३ मध्ये बिनधुराच्या, बिनतंबाखूच्या सिगारेटच्या पेटंटसाठी अर्ज केला, पण ती कोणी बाजारात आणली नाही. चीनमध्ये तो माल चालला, तेव्हा करणारा होन लिक औषधशास्त्री होता आणि त्याचे वडील फुप्फुसाच्या कर्करोगानं गेले. त्याच्या ब्रँडचं नाव ‘रुयान’, म्हणजे धुरासारखं. धूर नव्हे, धुरासारखं.

आणि जूल. स्टॅनफर्डच्या दोन विद्यार्थ्यांच्या प्रबंधातून निघालेल्या कंपनीनं हे यंत्र २०१५ मध्ये बाजारात आणलं. दिसायला पेनड्राइव्ह. भाच्याच्या टेबलावर मी असलंच काहीतरी पाहिलं तेव्हा लॅपटॉपला लावायला निघालो होतो. तो घाईघाईनं म्हणाला, “मामा, ते राहू दे, ते माझ्या मित्राचं आहे.” तोंडाला लावायच्या बाजूला आंब्याचा वास होता, पिकलेल्या नव्हे, टॉफीतल्या आंब्याचा. पण फ्लेवरची एवढी बोंब झाली तरी खरी करामत फ्लेवरची नाही. सुटं निकोटीन घशाला झोंबतं. जूलनं त्यात बेंझॉइक आम्ल मिसळून त्याचा क्षार केला. त्यामुळे पाच टक्क्यांचं निकोटीन घशाखाली अलगद उतरतं. चाळीस अंगुळांच्या नळीचं काम एका आम्लानं केलं! मग अमेरिकेत जे व्हायचं ते झालं. हायस्कूलच्या पोरांत ई-सिगारेट ओढणारे २०१७ मध्ये ११.७ टक्के होते, २०१८ मध्ये २०.८ आणि २०१९ मध्ये २७.५. अन्न-औषध प्रशासनाचे तेव्हाचे प्रमुख स्कॉट गॉटलीब यांनी साथ हा शब्द वापरला आणि दोन महिने होताच कंपनीनं आंबा-काकडी दुकानांतून काढून घेतली. २०२४ पर्यंत आकडा ७.८ वर उतरला. तो रेघेमुळे, फ्लेवरच्या बंदीमुळे की फॅशन ओसरल्यामुळे, यावर तिथे अजून भांडतात. माझं मत अर्थातच रेघेकडे.

ब्रिटननं वेगळा डाव मांडला. सिगारेटपेक्षा ही ९५ टक्के कमी घातक, असं तिथल्या सरकारी आरोग्य यंत्रणेनं २०१५ मध्ये जाहीर केलं आणि मोठ्यांना सिगारेट सोडायला तीच हाती दिली. पोरं मात्र अठराची रेघ ओलांडून आत शिरली, तेव्हा १ जून २०२५ पासून वापरून फेकायच्या व्हेपवर बंदी आली. आपण रेघच पुसली. १८ सप्टेंबर २०१९ च्या वटहुकमानं ई-सिगारेट बनवणं, विकणं, साठवणं सगळ्यांसाठीच बंद झालं, बनवण्या-विकण्याच्या पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. जहांगीराचीच तऱ्हा, आणि शेजारी विडी-सिगारेट अठरा पुऱ्या केलेल्याला खुशाल मिळते. कायद्याच्या व्याख्येत ‘ई-हुक्का’ नावानिशी आहे. निकोटीन असो वा नसो, पदार्थ तापवून फवारा ओढायला देणारं विजेवरचं यंत्र तिच्यात येतं. वाग्भटाची नळी तेवढी निसटते, तिला बॅटरी नाही.

हा सगळा पसारा, सोळा, अठरा, आत्मवान, बेंझॉइक, मी आमच्या वैद्यांपुढे मांडला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, नाडी पाहिली आणि विचारलं, “ते असू द्या. सकाळी थेंब घालता का तुम्ही?”