यूथ

यूथ : तारुण्य, तरुणांचा वर्ग किंवा एखादा तरुण, अशा तिन्ही अर्थांनी वापरला जाणारा इंग्रजी शब्द. मराठीत तो 'यूथ फेस्टिव्हल', 'यूथ हॉस्टेल', 'यूथ विंग' अशा जोडशब्दांतून रुळला आहे.

देवनागरीत लिहिला की तो संस्कृत 'यूथ' या शब्दासारखाच दिसतो. त्या शब्दाचा अर्थ मात्र कळप. हत्तींच्या कळपाचा प्रमुख तो यूथपती. या दोन शब्दांचा परस्परांशी संबंध नाही. इंग्रजी 'यूथ'चे खरे नाते आहे ते संस्कृत 'युवन्', फारसी 'जवान' आणि इंग्रजी 'यंग' यांच्याशी. ते एकाच प्राचीन मुळापासून आले आहेत.

तरुणांसाठीचे वेगवेगळे शब्द मध्य प्रदेशातील जबलपुरात शेजारीशेजारी ऐकू येतात. 1798 ते 1817 या काळात शहर नागपूरकर भोसल्यांकडे होते आणि आजही येथे मराठी कुटुंबे नांदतात. त्यांच्या घरात 'पोरगा-पोरगी', शेजारच्या बुंदेलीत 'मौडा-मौडी', विद्यापीठात 'युवा उत्सव'. ग्रेनेडियर्स आणि जम्मू-काश्मीर रायफल्स या रेजिमेंटांची प्रशिक्षण केंद्रे याच शहरात असल्याने 'जवान' म्हटले की येथे वयाआधी गणवेश आठवतो.

वयाची मर्यादा सर्वत्र सारखी नाही. संयुक्त राष्ट्रे आकडेवारीसाठी 15 ते 24 हा वयोगट धरतात. भारताच्या 2003 च्या युवा धोरणात तो 13 ते 35 होता. 2014 च्या धोरणाने 15 ते 29 केला. मतदानाचे वय 1989 मध्ये 21 वरून 18 वर आले. विवेकानंदांचा जन्मदिवस, 12 जानेवारी, 1985 पासून राष्ट्रीय युवा दिन म्हणून पाळला जातो.