पत्त्याचा कोपरा

संध्याकाळची पाळी सुटली आहे आणि रबाळ्याला तुम्ही पनवेल लोकलच्या दारातून कसेबसे आत घुसला आहात. चौघांच्या मध्ये एकाची बॅग आडवी झाली, तिच्यावर रुमाल पसरला, पत्ते पिसून, काटून, वाटूनही झाले. मेंढीकोट. पनवेल येईपर्यंत दोन-तीन डाव सहज होतील. बसायला जागा नाही, खांदा पार्टिशनला टेकलेला, 13 पत्ते डाव्या मुठीत. मूठ बोटभरच उघडली आहे, तरी बदामाची दश्शी, किलवरचा एक्का, इस्पिकचा गुलाम, सगळे कोपऱ्यातून डोकावतात. त्या कोपऱ्यावर अंगठा ठेवा आणि मागे चला.

2004 च्या पलीकडे गेलात की पायाखालची गाडीच नाहीशी होते. ठाणे-वाशी मार्ग अजून सुरू झालेला नाही. आणखी थोडं मागे गेलात की एमआयडीसीचे कारखाने जातात, भातशेती आणि खाडी उरते. पत्ते मात्र मुठीत तसेच आहेत, आणि ते तुम्हाला थेट अमेरिकेत ओढून नेतात.

1885, सिनसिनाटी. ओल्या शाईचा वास. रसेल, मॉर्गन आणि कंपनी सर्कशीची आणि नाटकांची पोस्टरं छापते. 1881 च्या जूनमध्ये तिने पहिला पत्त्यांचा जोड छापला. टायगर्स, स्पोर्ट्समन्स, काँग्रेस अशी एकेक नावं. यंदा सायकलचं वेड आहे, म्हणून नव्या जोडाचं नाव ‘बायसिकल’. तुमचा जादूगार मित्र आजही हाच जोड हवा म्हणून हट्ट धरतो.

आणखी मागे. 1876, न्यूयॉर्क. अँड्र्यू डॉहर्टी पत्त्याच्या कोपऱ्यात त्याच पत्त्याचं चिमुकलं चित्र छापतो आहे. त्याच शहरातला दुसरा कारखाना तिथे अक्षर आणि आकडा घालतो. त्या पत्त्यांना ‘स्क्वीझर्स’ म्हणतात, कारण ते मुठीत दाबून धरले तरी वाचता येतात. गुलामाचं जुनं इंग्रजी नाव नेव्ह. त्याची ‘केएन’ ही दोन अक्षरं राजाच्या ‘के’शी गल्लत करतात, म्हणून गुलाम ‘जॅक’ होतो आणि कोपऱ्यात ‘जे’ येतो. तुमच्या इस्पिकच्या गुलामावर आहे तो हाच.

याची किंमत कळायला दहा-बारा वर्षं मागच्या टेबलाशी बसा. हातातल्या पत्त्यांचे कोपरे आता टोकदार आहेत आणि कोरे आहेत. इस्पिकची अठ्ठी आहे की नव्वी, हे पाहायला पत्ता पुरता उघडावा लागतो. राजाला एकच डोकं आहे, आणि तुमच्या हाती तो उलटा आलाय. सरळ करायला फिरवलात की समोरच्याला कळलंच, याच्याकडे चित्र आहे! जोकर जन्मतो तोही इथेच, 1860 च्या दशकात, युकर नावाच्या खेळात. त्यात हुकमाचा गुलाम राजाच्याही वर. त्या गुलामाच्याही वर एक जादा पत्ता हवा झाला. जोकर लोकांच्या लक्षात राहिला. मला मात्र कोपरा त्याहून मोठा शोध वाटतो. उभ्याने, गर्दीत, एका मुठीत खेळणं त्याच्यामुळे जमतं.

आता अंगठा सरकवा. कोपराच लागत नाही. पत्ता गोल आहे.

तुम्ही आता अमेरिकेतून थेट सावंतवाडीच्या चितारआळीत आहात, स्वस्त छापील पत्ते येण्याआधीच्या काळात. चितारी चिंचोक्याच्या खळीने थरावर थर चिकटवतो, गोल कापतो, रंगवतो, वर लाखेचा हात देतो. दशावतारी गंजिफा: 10 अवतार, प्रत्येकाचे 12, एकूण 120 पत्ते. मत्स्याचे मासे, कूर्माची कासवं, परशुरामाचे परशू. प्रत्येक अवताराच्या जमिनीचा रंग वेगळा, म्हणून रंगावरूनच ओळखायचं. तिघे खेळणार, प्रत्येकाच्या हाती 40 पत्ते. राजाखाली प्रधान. पुढे पाच अवतारांत दश्शी मोठी, पण उरलेल्या पाचांत एक्का मोठा आणि दश्शी सगळ्यांत लहान. मेंढीकोटात दश्शीला मेंढी म्हणून धरायची सवय इथे तुम्हाला बुडवेल! दिवसा उतारी रामाच्या राजाची, रात्री कृष्णाच्या. गेलेला प्रत्येक पत्ता डोक्यात ठेवावा लागतो. हे लोकलमध्ये होणारं काम नव्हे. त्याला चादर लागते, घडीभर स्वस्थता लागते.

स्वस्त छापील पत्ते आले आणि हा खेळ मागे पडला. 1970 च्या दशकात सावंतवाडीच्या राजघराण्यातल्या शिवरामराजे भोसले आणि सत्त्वशीलादेवींनी वृद्ध पुंडलिक चितारींकडची ही कला पुढच्यांच्या हाती दिली नसती, तर तुम्हाला या आळीतून रिकाम्या हाताने परतावं लागलं असतं. तिथून राजवाड्याच्या दरबार हॉलमध्ये या. कलाकार खाली बसून बारीक कुंचल्याने रंगवताहेत. गोल पत्त्यावर बदाम, चौकट, किलवर, इस्पिकही रंगवले जातात, अख्खा 52 चा जोड. एक उचला. अंगठा कोपरा शोधेल, सवयीने. मूठ पुरती उघडल्याशिवाय राजा दिसायचा नाही; तेव्हा मांडी घाला, आणि समोरच्यांनाही बसायला सांगा.