बॅटमॅनचे आईबाप

"सुपरहिरो करायचा म्हणजे आधी त्याचे आईबाप मारायचे, असा काही नियम आहे का रे यांच्यात?" असं आमच्या मावशीनं मागे विचारलं होतं. तिनं उभ्या आयुष्यात चार-पाच कॉमिक्स वाचली असतील, तीही नातवाला जेवू घालताना. पण प्रश्न अगदी मुद्द्याचा आहे. तेव्हा थोडक्यात उत्तर देऊन टाकलं होतं. आज सविस्तर लिहितो. ब्लॉगवाल्या मित्रांपैकी अर्ध्यांना यातलं बरंच ठाऊक असेल, त्यांनी सांभाळून घ्यावं. घरच्या मंडळींनी मात्र शेवटपर्यंत वाचा, कारण खरी गोष्ट शेवटी आहे.

तर मंडळी, नियम लिहिलेला कुठेच नाही, पण यादी पाहा. सुपरमॅनचे आईवडील अख्ख्या ग्रहासकट गेले. बॅटमॅनचे भर रस्त्यात, त्याच्या डोळ्यांदेखत. १९४० साली आलेल्या रॉबिनचे आईवडील सर्कशीत झुल्यावर कसरती करायचे. सर्कसमालकानं खंडणी दिली नाही म्हणून गुंडांनी झुल्याचे दोर अॅसिडनं कमकुवत केले आणि दोघं खेळ चालू असतानाच पडले. १९६२ साली स्पायडरमॅन आला तो काका-काकूंकडे वाढलेला, आणि पहिल्याच गोष्टीत काकाही गेला.

आणि आपला वेताळ! माझ्या पिढीला सुपरहिरो भेटला तो या रूपात. इंद्रजाल कॉमिक्स १९६४ च्या मार्चमध्ये टाइम्स ऑफ इंडियानं सुरू केलं. ते मराठीतही यायचं, आणि त्यामुळे ली फॉकचा फँटम आपल्याकडे वेताळ म्हणून घराघरात शिरला. मूळ चित्रमालिका अमेरिकन वर्तमानपत्रांत १७ फेब्रुवारी १९३६ ला सुरू झाली, म्हणजे बॅटमॅनच्या तीन वर्षं आधी. त्यातही तेच. १५३६ साली समुद्री चाचे जहाजावर हल्ला करतात, पोराच्या देखत बापाला मारतात, पोरगा एकटा किनाऱ्याला लागतो आणि पुढे बापाच्या मारेकऱ्याच्या कवटीवर हात ठेवून शपथ घेतो. ती शपथ पिढ्यान् पिढ्या चालते, बाप गेला की मुलगा मुखवटा चढवतो. आपल्याकडे गाण्याची घराणी असतात तसं हे सूडाचं, खरं तर न्यायाचं, घराणं.

आपल्याला हे सगळं परकं का वाटलं नाही, हेही उघड आहे. नदीत सोडलेला कर्ण आपल्या ओळखीचा होता. सुपरमॅन तर जवळजवळ गोकुळातलीच गोष्ट. जीव वाचवण्यासाठी जन्मदात्यांनी तान्ह्या बाळाला दूर पाठवायचं आणि साध्यासुध्या नंद-यशोदेनं त्याला वाढवायचं. अमेरिकेत मात्र लोकांना कृष्णाऐवजी मोझेस आठवतो, टोपलीत घालून नदीत सोडलेला. सुपरमॅन रचणारी जेरी सीगल आणि जो शूस्टर ही दोन्ही मुलं ज्यू स्थलांतरितांच्या घरातली होती, त्यामुळे ते साहजिकच आहे. सीगलचे आईवडील लिथुआनियातून आलेले. जुनं जग मागे नष्ट होतंय, मूल नव्या जगात पोचतंय आणि तिथे वेगळं नाव घेऊन राहतंय, ही गोष्ट त्यांच्या गल्लीत घरोघरी होती.

सीगलच्या घरात आणखी एक गोष्ट होती. त्याच्या वडिलांचं, मिशेल सीगल यांचं, क्लीव्हलँडमध्ये जुन्या कपड्यांचं दुकान होतं. २ जून १९३२ च्या रात्री दुकानात चोरी झाली आणि त्या झटापटीत ते कोसळले आणि गेले. सरकारी नोंद हृदय बंद पडल्याची आहे. जेरी तेव्हा सतरा वर्षांचा होता. पुढच्याच वर्षी, १९३३ मध्ये, त्यानं 'सुपरमॅन' हे नाव पहिल्यांदा वापरलं ते एका खलनायकासाठी. मग त्याचा नायक झाला आणि जून १९३८ ची तारीख असलेल्या अॅक्शन कॉमिक्सच्या पहिल्या अंकात तो दहा सेंटला विकायला आला. गोळी लागली तरी ज्याला काही होत नाही, असा माणूस.

आता यावरून "बघा, बाप चोरीत गेला म्हणून मुलानं गोळीला दाद न देणारा माणूस रचला" असं म्हणायचा मोह होतो. अनेकांनी तसं लिहिलंही आहे. मी थोडा जपून म्हणेन. सीगल आयुष्यभर मुलाखती देत राहिला, पण त्या रात्रीची आणि सुपरमॅनची सांगड त्यानं कधी घातली नाही. माणूस एखाद्या गोष्टीबद्दल आयुष्यभर गप्प राहतो तेव्हा त्या गप्प राहण्याचा अर्थ आपण लावू नये. नोंद घ्यावी आणि पुढे जावं.

तर बॅटमॅन.

बऱ्याच जणांना हे माहीत नसतं की बॅटमॅन जन्माला आला तेव्हा त्याला भूतकाळच नव्हता. मे १९३९ च्या डिटेक्टिव्ह कॉमिक्सच्या २७ व्या अंकात तो आला. श्रीमंत, रिकामटेकडा ब्रूस वेन रात्री वटवाघळाचा पोशाख चढवून गुंडांना बडवतो. का बडवतो? कुणी विचारलं नाही, कुणी सांगितलं नाही. तब्बल सहा महिने तो विनाकारण बडवत होता. नोव्हेंबरच्या ३३ व्या अंकात, मुख्य कथेच्या आधी, फक्त दोन पानं घातली गेली. आईवडील आणि मुलगा सिनेमा पाहून घरी निघालेत. एक माणूस पिस्तूल रोखून आईच्या गळ्यातला हार मागतो. वडील मध्ये पडतात, त्यांना गोळी. आई किंचाळते, तिलाही. पुढच्या चित्रात मुलगा, त्याच्या पुढच्या चित्रात पलंगाशी गुडघे टेकून, मेणबत्तीच्या उजेडात शपथ. मग अभ्यास, व्यायाम, आणि एके रात्री उघड्या खिडकीतून आत आलेलं वटवाघूळ. संपलं. दोन पानांत बॅटमॅनला जन्मभराचं दुःख मिळालं आणि त्याच दोन पानांवर पुढची ऐंशी-पंच्याऐंशी वर्षं चालली आहेत.

ती पानं मी पुन्हा पुन्हा पाहिली आहेत. मला सगळ्यात जास्त टोचतं ते हे, की त्या मुलाजवळ कुणीही नाही. रस्त्यावर नाही आणि घरीही नाही. एवढा मोठा वाडा, पण पलंगाशी बसलेल्या मुलाच्या पाठीवरून हात फिरवायला एक माणूस काढलेला नाही. आपल्याकडे असं घडलं असतं तर काका-मामा-आत्या-शेजारी मिळून घर भरून गेलं असतं, मुलाला एकटं झोपू दिलं नसतं. तुम्ही म्हणाल, दोन पानांत जागा कुठे होती. बरोबर आहे. पण गंमत पुढे आहे. नंतरच्या लेखकांनाही ते एकटेपण सहन झालेलं दिसत नाही. एकामागून एक लेखक येतो आणि त्या मुलाशेजारी कुणीतरी आणून बसवतो.

आल्फ्रेडचंच घ्या. सिनेमे पाहणाऱ्यांना वाटतं की तो पहिल्यापासून आहे, त्यानंच ब्रूसला वाढवलं. पण आल्फ्रेड कॉमिक्समध्ये आला १९४३ साली, तेव्हा ब्रूस चांगला मोठा, कर्ता माणूस होता, आणि आल्फ्रेड एक नवा, काहीसा विनोदी नोकर होता. १९४८ साली बॅटमॅनच्या ४७ व्या अंकात मारेकऱ्याला नाव मिळालं, जो चिल. त्या कथेत आईला गोळी लागत नाही, धक्क्यानं तिचं अशक्त हृदय बंद पडतं. बॅटमॅन चिलला गाठतो आणि मुखवटा काढून आपण कोण ते सांगतो. चिल घाबरून आपल्या साथीदारांकडे धावतो, बॅटमॅन माझ्यामुळे तयार झाला म्हणतो, आणि तेच संतापून त्याला गोळ्या घालतात.

१९६९ मध्ये कुणाला तरी आठवलं असावं की या पोराला वाढवलं कुणी? मग एक काका आला, फिलिप वेन, आणि त्याच्या घरी मुलाचं सगळं प्रेमानं करणारी चिल्टन बाई. वाचकाला शेवटी कळतं की ही बाई जो चिलची आई. ज्याच्या हातून मुलगा पोरका झाला त्याचीच आई त्याला भरवतेय, आणि ब्रूसला हे माहीत नाही! एखाद्या मराठी नाटकाच्या दुसऱ्या अंकाच्या पडद्याला शोभेल असा प्रसंग आहे हा.

मग १९७६ ची, डेनी ओ'नील यांनी लिहिलेली आणि डिक जॉर्डानो यांनी काढलेली कथा. माझी सगळ्यात आवडती. त्यात दरवर्षी त्या तारखेला बॅटमॅन सगळी कामं सोडून त्या गल्लीत जातो. सूड घ्यायला नाही, एका म्हातारीला भेटायला. लेस्ली थॉम्पकिन्स तिचं नाव. त्या रात्री प्रेतांशेजारी उभ्या असलेल्या मुलाला तिनं जवळ घेतलं होतं. एवढंच. वर्षश्राद्ध म्हणतो ना आपण, तसंच ते. पुढे १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात कथा नव्यानं मांडल्या गेल्या तेव्हा आल्फ्रेडला मागे नेऊन ब्रूसच्या बालपणात बसवलं, आणि तो पालक झाला तो कायमचाच. २००५ च्या 'बॅटमॅन बिगिन्स' सिनेमात तर त्याच्याशिवाय ब्रूसची कल्पनाच करता येत नाही.

म्हणजे बघा, १९३९ साली एका पोराला रस्त्यावर एकटं सोडलं गेलं, आणि एकमेकांना न भेटलेली कितीतरी माणसं पुढची पन्नास वर्षं त्याच्यासाठी माणसं शोधत राहिली. मावशीला माझं उत्तर हेच, की आईबाप मारायचे हा नियम खरा, पण पोराला एकटं ठेवायचं नाही हा दुसरा नियम हळूहळू तयार झाला.

आता ज्यासाठी एवढं लिहिलं ते.

बॅटमॅनच्या खाली अनेक दशकं एकच नाव छापलं जायचं, बॉब केन. पण केनच्या मूळ चित्रात बॅटमॅन लाल कपड्यांतला, पाठीला ताठ पंख लावलेला, डोळ्यांवर छोटा मुखवटा असलेला असा होता. ते चित्र पाहून त्याच्या एका मित्रानं सुचवलं की पंखांऐवजी झगा कर, डोकं झाकणारा कान असलेला मुखवटा कर, डोळ्यांच्या जागी नुसत्या पांढऱ्या फटी ठेव, रंग गडद कर. यातल्या काही सूचना फँटमवरून सुचल्याचं त्यानं नंतर सांगितलं. म्हणजे आपला वेताळ इथेही पोचलाच! त्या मित्राचं नाव बिल फिंगर. बूट विकायचं काम करणारा, लिहिण्याची हौस असलेला. ब्रूस वेन हे नाव त्याचं. स्कॉटलंडचा राजा रॉबर्ट ब्रूस आणि अमेरिकन सेनापती अँथनी वेन यांच्यावरून घेतलेलं. गॉथम शहराचं नाव त्याचं, टेलिफोन डिरेक्टरीत एका सराफी दुकानाचं नाव पाहून सुचलेलं. पहिली कथा त्याची. आणि ती दोन पानंही त्याचीच.

करार मात्र केनचा होता. फिंगर त्याच्यासाठी, नंतर कंपनीसाठी लिहीत राहिला, नाव न लावता. १९६५ मध्ये एका चाहत्यानं फिंगरची बाजू लिहून काढली तेव्हा केननं पत्र लिहून ती खोडून काढली. जानेवारी १९७४ मध्ये फिंगर गेला, जवळजवळ कफल्लक. त्याच्या मुलानं ओरेगॉनच्या समुद्रकिनारी वाळूत वटवाघळाचा आकार काढून त्यात वडिलांची राख पसरली. केननं १९८९ च्या आत्मचरित्रात कबूल केलं की फिंगरचं श्रेय त्याला मिळायला हवं होतं. तोवर पंधरा वर्षं उलटली होती.

सीगल-शूस्टरचं तरी काय! सुपरमॅनचे सगळे हक्क त्यांनी १९३८ मध्ये १३० डॉलरला विकले. १९७५ मध्ये, मोठा सिनेमा निघणार असताना आणि सीगलनं वर्तमानपत्रांकडे दाद मागितल्यावर, दोघांना वर्षाला वीस हजार डॉलर आणि नाव परत मिळालं. ते निदान जिवंत होते.

फिंगरच्या बाबतीत मार्क टायलर नोबलमन नावाच्या लेखकानं शोध घेतला, फिंगरची नात सापडली, २०१२ साली पुस्तक आलं, आणि सप्टेंबर २०१५ मध्ये डीसी कॉमिक्सनं जाहीर केलं की यापुढे फिंगरचं नाव लागेल. आता छापतात ते असं: निर्माता बॉब केन, बिल फिंगरसह. 'आणि' नाही, 'सह'. डिसेंबर २०१७ मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉंक्समध्ये, जिथल्या बागेत बसून दोघं गोष्टी रचायचे तिथल्या कोपऱ्याला त्याचं नाव दिलं गेलं.

आपण स्वतःच्या नावात बापाचं नाव मध्ये लावतो. शाळेच्या दाखल्यापासून सातबाऱ्यापर्यंत ते बरोबर असतं, आणि लावताना आपण कधी विचारही करत नाही. ब्रूस वेनला त्याच्या बापाचं नाव पहिल्या दिवसापासून लावायला मिळालं. बॅटमॅनला स्वतःच्या दोन बापांपैकी एकाचं नाव लावायला शहात्तर वर्षं लागली. ज्यानं त्या पोराचं पोरकेपण लिहिलं, त्याच्याशेजारी मात्र कुणी आल्फ्रेड आणून बसवला नाही. बसवणारे आले, पण फार उशिरा.

असो. पुढच्या वेळी बॅटमॅनचा कुठलाही सिनेमा लागला की सुरुवातीच्या नावांत ते 'सह' नंतरचं नाव शोधा. घरात लहान मूल असेल तर त्यालाही दाखवा.