दया डोंगरे : विनोदाचा अधिकार

मराठी विनोदाचा इतिहास शिकवताना आपण श्रीपाद कृष्ण कोल्हटकर, गडकरी, चिं. वि. जोशी, अत्रे, पु. ल. अशी वाटचाल करतो. ही सगळी छापील विनोदाची, आणि बहुतांशी पुरुषांची, परंपरा आहे. दूरचित्रवाणीवरील विनोदाला, त्यातही तो साकारणाऱ्या अभिनेत्रींना, आपल्या वाङ्मयेतिहासात जागा नाही. दया डोंगरे यांच्या निमित्ताने या उणिवेकडे लक्ष वेधावे असे आम्हांस वाटते.

२ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन केंद्र सुरू झाले. पुढच्या वर्षी सिंहगडावरील सहक्षेपणामुळे त्याचे कार्यक्रम पुणे परिसरात दिसू लागले. या लहरी साधारणतः सरळ रेषेत जातात. त्यामुळे भोर-वेल्ह्यासारख्या डोंगराळ मुलखात, सिंहगड इतका जवळ असूनही, घर चढावर आहे की खोऱ्यात यावर चित्र दिसणे न दिसणे ठरे. नाटक कंपनी जिथे क्वचितच पोहोचे, तिथे ‘गजरा’सारख्या कार्यक्रमातून नाट्यप्रवेश आणि प्रहसने घरात आली. त्या ‘गजरा’ने दयाबाईंना घरोघरी ओळख दिली.

१९४० साली अमरावतीत जन्मलेल्या दयाबाईंना आई यमुताई मोडक आणि आत्या शांता मोडक यांच्याकडून गायन-अभिनयाचा वारसा मिळाला. त्यांनी शास्त्रीय संगीताचे शिक्षण घेतले आणि राष्ट्रीय नाट्य विद्यालयात अभिनयाचे धडे गिरवले. आमच्या मते त्यांच्या विनोदाचे मर्म या तयारीत आहे. कुरूपता, वेंधळेपणा, बोबडे बोल ही स्त्रीपात्रांच्या विनोदाची रूढ साधने त्यांना लागत नसत. शब्दाचा ठाम उच्चार, नेमका विराम आणि नजरेतली जरब एवढ्यावर त्या हशा मिळवीत. त्यांच्या पात्राला हसताना प्रेक्षक त्याला थोडा भीतही असे.

ही जरब विनोदापुरती नव्हती. ‘स्वामी’ मालिकेतील त्यांच्या गोपिकाबाई हे त्याचे गंभीर रूप. ‘नवरी मिळे नवऱ्याला’ (१९८४) आणि ‘खट्याळ सासू नाठाळ सून’ (१९८७) या चित्रपटांनंतर मात्र ‘खाष्ट सासू’ हा शिक्का पक्का झाला. सत्ता गाजवणारी स्त्री पडद्यावर आली की तिला सासूच्या चौकटीत बसवायचे, ही आपल्या समाजाची सोय. दयाबाईंनी त्या चौकटीतही पात्राची प्रतिष्ठा सोडली नाही.

नोव्हेंबर २०२५ मध्ये त्या गेल्या. आमच्या वर्गातील विद्यार्थी त्यांना भ्रमणध्वनीवरील चित्रपटांच्या तुकड्यांतून ओळखतात; ‘गजरा’ हे नाव त्यांना सांगावे लागते. नाटकाची संहिता निदान ग्रंथालयात उरते. प्रहसनातला विराम मात्र पाहणाऱ्याच्या आठवणीतच उरतो, आणि ते पाहणारे आता साठी-सत्तरीत आहेत. भोर-वेल्ह्याच्या विद्यार्थ्यांनी आपल्या घरातील वडीलधाऱ्यांकडून या आठवणी लिहून घ्याव्यात. मराठी विनोदाच्या इतिहासाचे एक प्रकरण कदाचित त्यांच्याच वह्यांतून पुरे होईल.